जेवणाचा निसर्गावरचा भार कमी करायचाय? सुरुवात इथून करा

पर्यावरणासाठी आहार बदलायचा असं ठरवलं की बहुतेकांचं लक्ष आधी वेष्टनाकडे आणि अंतराकडे जातं. प्लॅस्टिक टाळायचं, जवळ पिकलेलं घ्यायचं. दोन्ही सवयी चांगल्याच आहेत, पण भार हलका करण्यात त्यांचा वाटा लहान आहे. मोठा वाटा दोनच प्रश्नांचा आहे: आपण काय खातो आणि त्यातलं किती फेकतो. हे दोन प्रश्न बाजूला ठेवून बाकी सगळं केलं तर कष्ट पुष्कळ होतात आणि फरक थोडा पडतो. म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम या क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १ : भार कशाचा, ते समजून घ्या

२०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ४० खाद्यपदार्थांचा ताळेबंद मांडला. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी साधारण २६ टक्के अन्नामुळे जातात, असं त्यातून दिसलं. २०२१ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासाने हिशेबाची व्याप्ती वाढवली आणि स्वयंपाकाचं इंधन, शीतगृहं, कचरा हेही त्यात धरलं, तेव्हा हा आकडा ३४ टक्क्यांवर गेला. जमिनीचं सांगायचं तर बर्फाळ आणि ओसाड प्रदेश सोडून जी राहण्याजोगी जमीन उरते, तिच्यातली जवळपास निम्मी शेती आणि चराईखाली आहे. माणूस जे गोडं पाणी उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला लागतं.

वायू मुख्यतः तीन. कार्बन डायऑक्साइड जंगलतोडीतून, ट्रॅक्टरच्या डिझेलमधून आणि खतकारखान्यांतून येतो. मिथेन रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून, पाणी साठवलेल्या भातखाचरांतून आणि कचऱ्याच्या डेपोत सडणाऱ्या अन्नातून येतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता धरतो आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. मात्र हवेत तो साधारण १२ वर्षंच टिकतो. ही आशेची बाब आहे, कारण मिथेन कमी केला तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसतो. तिसरा नायट्रस ऑक्साइड. तो नत्रखतांतून आणि शेणामुतातून सुटतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने तब्बल २७३ पट तापदायक असतो आणि शतकभर टिकून राहतो. हे तिन्ही एका मापात आणण्यासाठी ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ असं एकक वापरतात. पुढे उत्सर्जनाचे जे किलो येतील ते त्याच एककातले आहेत.

नत्राकडे मात्र वायूपलीकडेही पाहायला हवं. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश प्रक्रिया १९१३ मध्ये कारखान्यात सुरू झाली आणि आज जगातली जवळपास निम्मी माणसं तिच्यामुळे पिकणाऱ्या अन्नावर जगतात. तेव्हा खताला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. अडचण पिकाने न घेतलेल्या खताची आहे. ते नद्यांतून समुद्रात जातं, शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात असा एक मोठा पट्टा तयार होतो, ज्यात मासे जगू शकत नाहीत.

आकडे वाचताना एक सवय लावून घ्या. कुठलाही आकडा दिसला की आधी विचारा, हा कशामागचा आहे? किलोमागचा, कॅलरीमागचा की प्रथिनांमागचा? सॅलडची पानं किलोमागे हलकी दिसतात, पण त्यांत पाणीच जास्त असतं, म्हणून कॅलरीमागे मोजली की त्यांचं स्थान एकदम बदलतं. मांस, अंडी, चीज, कडधान्यं यांची तुलना करायची तर ती प्रथिनांमागे केलेलीच खरी, कारण आहारात त्यांचं मुख्य काम ते आहे.

पायरी २ : आठवडाभर नोंद ठेवा, बदल काहीच करू नका

या आठवड्यात नेहमीसारखंच खा. फक्त दिवसाच्या शेवटी तीन गोष्टी लिहा: प्राण्यांपासून आलेलं काय आणि अंदाजे किती खाल्लं, काय फेकलं आणि का फेकलं, आणि विमानाने आलेलं किंवा तापवलेल्या हरितगृहात वाढलेलं काही होतं का. वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर वाटी-चमच्याचा अंदाज पुरतो. ‘का फेकलं’ हा रकाना भरायचा कंटाळा येईल, तरी तो सोडू नका. पाचव्या पायरीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होणार आहे. बाहेर खाल्लेलंही लिहा, कारण जड पदार्थ पुष्कळदा तिथेच पोटात जातात.

पायरी ३ : जड काय आणि हलकं काय, ते ओळखा

पूर-नेमेचेक अभ्यासातले उत्सर्जनाचे सरासरी आकडे, १०० ग्रॅम प्रथिनांमागे: मांसासाठीच पाळलेल्या गुरांचं मांस सुमारे ५० किलो, मेंढीचं मांस २०, दुभत्या कळपातल्या गुरांचं मांस १७, चीज ११, डुकराचं मांस ७.६, शेततळ्यातले मासे ६, कोंबडी ५.७, अंडी ४.२, टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) २, शेंगदाणे १.२, आणि बहुतेक कडधान्यं १ किलोच्या आतच. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या पदार्थांत पन्नास पटींहून अधिक अंतर आहे. आहाराची चर्चा होते तेव्हा हे अंतर क्वचितच कुणी नीट मांडतं.

एवढा फरक कशामुळे? जनावर जे खातं त्यातला मोठा भाग त्याचं अंग उबदार ठेवण्यात, हिंडण्या-फिरण्यात आणि हाडं-कातडं वाढवण्यात जातो. मांस किंवा दूध होऊन आपल्यापर्यंत येतं ते थोडं. जगातल्या पिकांतून मिळणाऱ्या कॅलरीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पशुखाद्यात जातात. सोयाबीनचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे: जगात पिकणाऱ्या सोयाबीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनावरांच्या तोंडी जातं. तेव्हा टोफू खाणाऱ्यांमुळे सोयाबीनसाठी वर्षावनं तुटतात, हा आरोप टिकत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत याच्यात मिथेनची भर पडते, आणि कुरणासाठी जंगल तोडलं असेल तर त्या झाडांत व मातीत साठलेला कार्बनही हिशेबात येतो. शेतीखालच्या एकूण जमिनीपैकी सुमारे ८३ टक्के मांस, दूध, अंडी आणि मत्स्यपालन यांसाठी लागते. त्यातून माणसाला मिळतात १८ टक्के कॅलरी आणि ३७ टक्के प्रथिनं.

शाकाहारी वाचकांनी चीजच्या आकड्यावर जरा थांबावं. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं, म्हणून ते प्रथिनांमागे कोंबडीच्याच काय, डुकराच्या मांसाच्याही पुढे जातं. मांस सोडलं आणि त्याची जागा चीज, लोणी, मलईने भरून काढली, तर भार अपेक्षेइतका उतरत नाही. दुधाचं उत्सर्जन लिटरमागे ३ किलोच्या थोडं वर आहे. सोया, ओट, बदाम, तांदूळ यांपासून केलेल्या पेयांचं ०.७ ते १.२ किलोच्या दरम्यान. पाण्याच्या बाबतीत मात्र या पेयांत आपापसांत बराच फरक आहे. सोया आणि ओटच्या तुलनेत बदामाच्या पेयाला पाणी फारच जास्त लागतं. तांदूळही खाचरातल्या मिथेनमुळे गव्हापेक्षा किलोमागे दुपटीहून जड भरतो, तरी मांसाच्या तुलनेत तो खूपच खाली आहे. तांदळावर ज्यांचं पोट आहे त्यांना तो सोडायला सांगण्याची काहीच गरज नाही. त्यावरचा उपाय शेतात आहे, तो पुढे येईल.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे आकडे सरासरी आहेत आणि एकाच पदार्थाच्या दोन उत्पादकांत प्रचंड तफावत असते. गुरांचं मांस पुरवणाऱ्या सगळ्या उत्पादकांत सर्वाधिक भार टाकणाऱ्या दहा टक्क्यांचं उत्सर्जन सर्वांत हलक्या दहा टक्क्यांच्या बारा पट निघालं. म्हणजे पशुपालन सुधारायला पुष्कळ वाव आहे. तरीही सर्वांत काळजीपूर्वक तयार केलेले प्राणिज पदार्थसुद्धा सहसा त्यांच्या जागी खाता येणाऱ्या वनस्पतिज पदार्थांपेक्षा जडच राहतात.

पायरी ४ : एकच अदलाबदल करा, पण ती टिकवा

आता तुमची नोंदवही उघडा आणि सगळ्यात जड ठरलेला एकच पदार्थ निवडा. सगळं एकदम सोडण्याचा उत्साह महिनाभरात ओसरतो, आणि मग माणूस पूर्वीपेक्षाही जास्त निराश होतो. समजा, तुमच्या आठवड्यातली ५० ग्रॅम प्रथिनं गुरांच्या मांसातून येतात, म्हणजे साधारण पाव किलो मांस. तेवढीच प्रथिनं कडधान्यांतून घेतली तर वर्षाला सुमारे १.३ टन उत्सर्जन वाचतं. तेवढीच प्रथिनं चीजमधून येत असतील, म्हणजे आठवड्याला २०० ग्रॅमच्या आसपास चीज, तर त्याच बदलाने वर्षाला सुमारे २६५ किलो वाचतात. आणि तुमच्या नोंदीत मांस-चीज नावापुरतंच असेल, तर ही पायरी सोडून सरळ पाचवीवर या. तुमचं काम तिथे आहे.

कुठपर्यंत जायचं याचा एक अंदाज हवा असेल, तर १६ देशांतल्या ३७ शास्त्रज्ञांच्या ईट-लॅन्सेट आयोगाने २०१९ मध्ये मांडलेला नमुना आहार पाहा. २०५० मधल्या सुमारे एक हजार कोटी लोकसंख्येला निसर्गाच्या मर्यादेत राहून पोसता येईल का, या प्रश्नातून तो तयार झाला. दिवसाला २,५०० कॅलरी धरून त्यात अख्खी धान्यं सुमारे २३० ग्रॅम, भाज्या ३००, फळं २००, कोरडी कडधान्यं ७५, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळं ५०, दूध किंवा दुधाचे पदार्थ २५०, आणि गुरं-मेंढ्या-डुकरांचं मांस अवघं १४ ग्रॅम आहे. म्हणजे आठवड्याला १०० ग्रॅमच्या आत. हा काटेकोर नियम समजू नका, दिशा म्हणून वापरा. गंमत अशी की यात प्राणिज पदार्थांना पूर्ण बंदी नाही. अंडी, मासे, कोंबडी थोडी थोडी आहेतच.

कडधान्यं वाढवताना हळूहळू वाढवा, भिजवून आणि भिजवलेलं पाणी टाकून शिजवा. पोटाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. वनस्पतींतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, म्हणून त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी घ्या, आणि चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नका. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून खात्रीने मिळत नाही. प्राणिज पदार्थ पूर्ण सोडणाऱ्याने ते पूरक गोळ्यांतून किंवा ब-१२ मिसळलेल्या पदार्थांतून घेतलंच पाहिजे. यात हयगय केली तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, रक्तक्षय असलेले लोक यांनी मोठा बदल डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच करावा. अशक्तपणाची किंमत देऊन वाचवलेलं उत्सर्जन कुणाच्याच भल्याचं नाही.

पायरी ५ : फेकणं थांबवा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न दुकानं, खानावळी आणि घरं मिळून वाया गेलं. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा आहे. याआधी शेतापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर सुमारे १३ टक्के नासतं ते वेगळंच. अन्नाची ही सगळी नासाडी हरितगृह वायूंच्या ८ ते १० टक्के उत्सर्जनाला कारणीभूत ठरते. फेकलेल्या घासामागे जमीन, पाणी, खत, इंधन आणि कुणाचे तरी श्रम लागलेले असतात, आणि वर तो सडताना मिथेन सोडतो. मला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, कारण इथे कुणाला काही कमी खायचंही नाही.

नोंदवहीतला ‘का फेकलं’ हा रकाना आता वाचा. कारणं बहुधा तीन-चारच निघतात. जास्त आणलं, हे पहिलं. त्यावर उपाय म्हणजे खरेदीला जाण्याआधी घरात काय आहे ते पाहून यादी करणं, आणि आठवड्यातला एक दिवस ‘उरलंय तेच’ शिजवण्याचा ठेवणं. दुसरं कारण जास्त शिजवलं. दर वेळी किती उरतं ते लक्षात ठेवून माप उतरवा. तिसरं, मागे राहून गेलं. फ्रिजमध्ये आधी संपवायच्या वस्तूंसाठी नजरेसमोरचा एक कप्पा राखून ठेवा आणि आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास ठेवा. सफरचंदं, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात, म्हणून त्यांना वेगळं ठेवा. बटाटे आणि कांदेही एकत्र ठेवू नयेत; दोन्ही अंधाऱ्या, हवेशीर जागी पण दूर दूर टिकतात.

चौथं कारण तारखेचा गोंधळ. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख चव आणि पोताबद्दल असते. ती उलटल्यावर पाहून, वास घेऊन, चाखून ठरवता येतं. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही मात्र सुरक्षिततेची तारीख आहे, तिथे धाडस नको. शिजवलेला भात तासन्‌तास उघड्यावर ठेवून मग परत गरम करून खाणं हेही टाळा. तो लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी निर्धास्त खाता येतो.

एवढं करूनही साली, देठ, बिया उरतातच. त्यांचं कंपोस्ट करा. फक्त क्रम उलटा करू नका: खाण्याजोगं अन्न कंपोस्टमध्ये टाकून समाधान मानलं तर त्यामागे गेलेलं सगळं गेलंच. मोठ्या पातळीवर काय साधू शकतं याचं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे २००५ मध्ये अन्नाचा कचरा जमिनीत पुरण्यावर बंदी आली, २०१३ पासून तो टाकण्याच्या प्रमाणात पैसे मोजावे लागतात, आणि आज त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त कचऱ्याचं खत, पशुखाद्य किंवा बायोगॅस होतो.

पायरी ६ : अंतर, वेष्टन आणि शिक्के

अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के. बोटीने आलेलं धान्य हजारो मैलांवरून येऊनही हलकं असू शकतं. अपवाद विमानाचा: त्याच वजनाला, त्याच अंतरासाठी विमानाचं उत्सर्जन बोटीच्या सुमारे पन्नास पट असतं. लवकर नासणारी आणि दूरदेशाहून ताजी येणारी फळं-भाज्या, उदाहरणार्थ बेरी किंवा शतावरीचे कोंब, दिसली की थांबून विचार करा. तसंच, थंड हवेत हरितगृह तापवून पिकवलेली भाजी जवळची असूनही दूरच्या उघड्या शेतातल्या भाजीपेक्षा जड ठरू शकते. म्हणून ‘जवळचं’ यापेक्षा ‘हंगामातलं’ ही कसोटी जास्त भरवशाची.

सेंद्रिय शिक्क्याबद्दल नवखे लोक हमखास विचारतात. कीटकनाशकं कमी आणि मातीची निगा चांगली, हे त्याचे खरे गुण. पण सेंद्रिय शेतीचं एकरी उत्पादन सरासरीने साधारण २० ते २५ टक्के कमी येतं, म्हणजे तेवढ्याच अन्नाला जमीन जास्त लागते. तेव्हा सेंद्रिय मांसापेक्षा साधं कडधान्य निसर्गाला हलकंच पडतं. वेष्टनाचंही तसंच आहे. ज्या वेष्टनामुळे भाजी चार दिवस जास्त टिकते ते काढून टाकल्याने नासाडी वाढली, तर काही कमावलं नाही.

पायरी ७ : स्वतःच्या ताटापलीकडे जा

घरचं बस्तान बसलं की जिथे रोज शेकडो ताटं वाढली जातात तिथे वळा: शाळा, वसतिगृह, रुग्णालय, कचेरीची खानावळ. तिथे पदार्थांची यादी कोण ठरवतं आणि पुरवठ्याचा करार कधी नवा होतो, हे आधी शोधा. करार सुरू असताना केलेली विनंती बहुतेकदा हवेत विरते. मग एक आठवडा ताटांत उरलेलं अन्न एका पिंपात गोळा करून रोज वजन करा. हा आकडा व्यवस्थापनाला भाषणापेक्षा लवकर पटतो, कारण त्यात त्यांचा पैसाही दिसतो. त्यानंतर सुचवायचं ते एवढंच: वनस्पतिज पदार्थ यादीत पहिल्या जागी असावा, वेगळ्या चौकटीत ‘खास लोकांसाठी’ म्हणून नसावा, आणि त्याच्या नावातून त्याची चव कळावी. आणि स्वयंपाक करणाऱ्यांना विश्वासात घ्या. चव बिघडली तर सगळी मेहनत वाया जाते.

शहरांनीही हे करून दाखवलंय. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ मध्ये अन्न हा नागरिकांचा हक्क मानून धोरण आखलं: स्वस्त जेवणाच्या सार्वजनिक खानावळी, शाळांतलं जेवण, छोट्या शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीची जागा. २०१५ मध्ये मिलान इथे शहरांनी अन्नधोरणाचा करार केला. आज त्यावर दोनशेहून जास्त शहरांच्या सह्या आहेत. तुमचं शहर त्यात आहे का ते पाहा. असेल तर त्याने दिलेली वचनं नगरसेवकांपुढे ठेवता येतात. २०१६ मध्ये फ्रान्सने मोठ्या दुकानांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला मनाई केली आणि ते धर्मादाय संस्थांना देण्यासाठी करार करणं बंधनकारक केलं.

शेतकऱ्याशी थेट ओळख असेल तर तिथेही बोलण्यासारखं बरंच आहे. फेरपालटात कडधान्य आलं की मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात आणि पुढच्या पिकाचं खत वाचतं. भातखाचर सतत भरलेलं न ठेवता आलटून पालटून सुकू दिलं, तर पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं आणि मिथेन निम्म्याच्या आसपास उतरू शकतो. पण यातली जोखीम एकट्या शेतकऱ्याने का घ्यावी? ग्राहकांच्या गटाने मिळून हंगामाआधी मालाची मागणी आणि भाव ठरवून दिला, तर त्याला वेगळं पीक घ्यायचा धीर येतो. वेगवेगळ्या पिकांची गरजही मोठी आहे. माणसाने अन्नासाठी सुमारे ६,००० वनस्पतींची लागवड केली, पण आज जगातल्या एकूण पीक उत्पादनातला ६६ टक्के वाटा फक्त नऊ पिकांचा आहे. एखादा रोग किंवा एखादा लांबलेला दुष्काळ या नऊपैकी दोन-तीन पिकांना लागला, तर काय होईल याचा विचार करून पाहा.

हे सगळं करताना समोरच्याची परिस्थिती बघा. २०२२ मध्ये जगातल्या सुमारे २८० कोटी लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. जिथे धान्य पिकत नाही अशा कुरणांवर जनावरं राखून जगणारे समाज आहेत, आणि कुपोषित मुलासाठी रोजचं अंडं हा मोठा आधार असतो. भार कमी करण्याचं मागणं ज्यांच्या ताटात भरपूर आहे त्यांच्यापुढेच ठेवायचं असतं. म्हणून खानावळीच्या बैठकीला जाताना कागदावर दोन प्रश्न लिहून न्या: या बदलानंतर इथल्या सगळ्यात गरीब माणसाचं जेवण महाग होतंय का, आणि त्याच्या ताटातली प्रथिनं कमी होताहेत का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर सूचना मागे घ्या, यादी पुन्हा आखा आणि पुढच्या बैठकीत नव्याने मांडा.